लुई पाश्चर आणि पोटातली चौदा इंजेक्शने



दरवर्षी २८ सप्टेंबर हा दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. २००७ साली ही प्रथा सुरू झाली. तारीख निवडताना एका माणसाची आठवण ठेवण्यात आली. १८९५ साली याच दिवशी लुई पाश्चर यांनी देह ठेवला. पिसाळलेले जनावर चावल्यावर माणसाला वाचवता येते, हे जगाला त्यांनी दाखवून दिले.

आम्ही लहान असताना गावात कुणाला कुत्रा चावला, की मोठी माणसे लगेच चौदा इंजेक्शनांची गोष्ट काढत. पोटात, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक याप्रमाणे चौदा दिवस. आम्हा मुलांना कुत्र्यापेक्षा त्या सुईचीच धास्ती जास्त होती. शिवाय कुणीतरी दबक्या आवाजात सांगे, की त्या इंजेक्शनांनी अमक्या गावच्या एका माणसाचे पाय कायमचे गेले. आम्हाला ती अफवा वाटे. पुढे सेमिनरीत असताना आणि नंतरही या विषयावर वाचत गेलो, तेव्हा कळले की ती निव्वळ अफवा नव्हती. त्या लशीमुळे क्वचित कुणाला खरोखरच लकवा होत असे. क्वचित कुणी दगावतही असे.

पाश्चर यांचे चरित्र शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. त्यात जोसेफ नावाचा मुलगा येतो, तो वाचतो आणि धडा संपतो. आज आम्ही ते चरित्र थोडे पुढे नेणार आहोत. ज्यांना त्या लशीने वाचवले त्यांच्याबरोबर, ज्यांना तिने इजा केली त्यांचीही आठवण आपण ठेवायला हवी असे आम्हाला वाटते.

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील जाँ-जोसेफ नेपोलियनच्या सैन्यात होते. सैन्यातून परतल्यावर ते चामडे कमावण्याचा धंदा करीत. पुढे हे कुटुंब आर्बुआ गावी स्थायिक झाले. नदीच्या काठी घर आणि घरालाच लागून कातडी भिजवण्याची कुंडे, अशा वातावरणात लुई वाढले. शिक्षणासाठी त्यांना पंधराव्या वर्षी पॅरिसला पाठवले, तेव्हा घरची आणि त्या कुंडांच्या वासाची आठवण इतकी अनावर झाली, की काही आठवड्यांतच वडिलांना त्यांना परत घेऊन यावे लागले.

आर्बुआमधील एक प्रसंग त्यांच्या मनावर खोल कोरला गेला. ऑक्टोबर १८३१ मध्ये एक पिसाळलेला लांडगा त्या परिसरात शिरला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. लुई तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. चावलेल्या माणसांना पाश्चर यांच्या घराजवळच्या लोहाराकडे आणण्यात आले. त्या काळी एकच उपाय होता : लोखंडाची सळई लाल होईपर्यंत तापवायची आणि जखमेवर दाबून धरायची. त्या माणसांच्या किंकाळ्या लहानग्या लुईने ऐकल्या. एवढे सोसूनही त्यांतील काही जण पुढे त्याच रोगाने तडफडून गेले.

रेबीज किती भयंकर असतो हे वेगळे सांगायला नको. रोगी तहानेने व्याकूळ होतो, पण पाणी समोर आले की घशाला पेटके येतात. शुद्ध असताना त्याला आपले मरण दिसत असते. एकदा लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे आजही जवळजवळ अशक्य आहे.

घरातली दुःखे

पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवर त्यांनी केलेले संशोधन गाजले. १८४९ साली स्ट्रासबर्ग येथे मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिवसाचे टिपण घेणे, लेखांच्या प्रती काढणे, प्रयोगांची चर्चा करणे या सर्व कामांत मारीबाई शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्या.

या दांपत्याला पाच मुले झाली. त्यांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली जान १८५९ साली विषमज्वराने गेली. १८६५ साली दोन वर्षांची कामिय गेली. पुढच्याच वर्षी बारा वर्षांची सेसिल विषमज्वराने गेली. ज्या रोगांचे कारण अजून कुणाला नीट माहीत नव्हते, त्या रोगांनी त्यांचे घर रिकामे केले. त्याच वर्षांत पाश्चर आंबण्याची क्रिया, दूध व वाइन नासणे, रेशमाच्या किड्यांचे रोग या विषयांवर काम करीत होते आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव या सगळ्यामागे आहेत हे दाखवून देत होते.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. ते त्यातून उठले, पण डावा हात आणि डावा पाय पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत. पुढची सत्तावीस वर्षे ते पाय ओढत चालले. नाजूक प्रयोग त्यांना सहकाऱ्यांच्या हातून करून घ्यावे लागत. आपला विषय लशीमुळे होणाऱ्या लकव्याचा असल्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हात-पाय ऐकेनासे झाले म्हणजे काय होते, हे पाश्चर स्वतःच्या देहावर शिकले होते.

सशाच्या मज्जारज्जूतून लस

१८८० च्या अखेरीस पाश्चर यांनी रेबीजचा अभ्यास हाती घेतला. कोंबड्यांचा कॉलरा आणि गुरांचा अँथ्रॅक्स यांवरील लशींनी त्यांचे नाव सर्वत्र झाले. या लशींमागची कल्पना सोपी होती. रोगाचा जंतू कमजोर करायचा आणि तो शरीरात घालायचा, म्हणजे शरीर खऱ्या हल्ल्यासाठी तयार होते.

रेबीजच्या बाबतीत एक मोठी अडचण होती. त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता आणि बाटलीतल्या रसात वाढतही नव्हता. तो मज्जासंस्थेत, म्हणजे मेंदूत आणि मज्जारज्जूत राहतो, एवढे मात्र कळले होते. म्हणून पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी जिवंत सशांच्या मेंदूतच तो वाढवला. एका सशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे करत त्यांनी ठरावीक दिवसांत रोग आणणारा विषाणू मिळवला. मेलेल्या सशाचा मज्जारज्जू काढून तो बाटलीत कोरड्या हवेत टांगला, की विषाणूचा जोर दिवसेंदिवस कमी होई आणि सुमारे चौदा दिवसांत तो संपे. असा वाळलेला तुकडा रश्श्यात घोटून त्याचे इंजेक्शन द्यायचे, ही झाली पाश्चर यांची लस.

पुढे जे घडले त्याचे मूळ इथेच आहे. त्या लशीबरोबर सशाच्या मज्जासंस्थेचे पेशीजालही माणसाच्या शरीरात जात होते. त्याने काही बिघडेल अशी शंका त्या काळी कुणाला येण्याचे कारण नव्हते.

६ जुलै १८८५

आल्सास प्रांतातील नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला ४ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने पाडले आणि चौदा ठिकाणी चावे घेतले. दोन दिवसांनी त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला पाश्चर यांच्या दारात आली. पाश्चर डॉक्टर नसल्यामुळे त्यांनी व्युल्पियाँ आणि ग्राँशे या दोन वैद्यांना बोलावले. मुलगा वाचणे कठीण आहे असे दोघांचेही मत पडले. ६ जुलैच्या संध्याकाळी ग्राँशे यांनी जोसेफच्या पोटाच्या कातडीखाली पहिले इंजेक्शन दिले. पंधरा दिवस वाळवलेल्या मज्जारज्जूपासून सुरुवात झाली आणि रोज अधिक ताजा, म्हणजे अधिक जोराचा विषाणू दिला गेला. दहा दिवसांत तेरा इंजेक्शने झाली. शेवटचे इंजेक्शन इतके जोराचे होते, की एरवी त्याने ससा हमखास मेला असता.

त्या दिवसांत पाश्चर यांना रात्री झोप येत नसे. एमिल रू यांना हा प्रयोग घाईचा वाटला आणि ते त्यातून बाजूला राहिले. जोसेफ वाचला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा द्वारपाल झाला आणि १९४० साली वारला.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पंधरा वर्षांचा गुराखी जाँ-बाप्तिस्त जुपिय आला. लहान मुलांना वाचवण्यासाठी तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. तोही वाचला. नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांची लुईझ पेलतिए आली. तिला कुत्रा चावून ३७ दिवस झाले होते आणि डोक्याला खोल जखम होती. उशीर झाला आहे हे पाश्चर यांना दिसत होते. ती गेली तर लशीची बदनामी होईल हेही त्यांना ठाऊक होते. तरीही आईबापांना नाही म्हणणे त्यांना जमले नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला ती गेली. पाश्चर तिच्या उशाशी बसून होते आणि घराबाहेर पडताना रडत होते.

मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्कहून लांडग्याने चावलेली १९ माणसे आली. त्यांपैकी तीन दगावली, बाकीची घरी परतली. जगभरातून माणसे पॅरिसकडे धावू लागली. ऑक्टोबर १८८६ च्या अखेरीपर्यंत सुमारे अडीच हजार माणसांनी हा उपचार घेतला होता.

जे सांगितले गेले नाही

आतापर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. आता जी सांगणार आहोत ती पुष्कळ काळ झाकलेली होती.

त्या अडीच हजारांत काही जण दगावले. त्यांतील काहींचा मृत्यू वेगळ्या प्रकारे झाला. कुत्रा चावल्यावर होणाऱ्या रेबीजमध्ये रोगी बहुधा भडकतो आणि पाण्याला घाबरतो. या रोग्यांत पाय लुळे पडत, मग लकवा वर चढत जाई आणि श्वास बंद होई. प्रयोगशाळेतील ससे याच पद्धतीने मरत असत. पॅरिसच्या वैद्यक अकादमीत डॉक्टर मिशेल पेतेर यांनी उघड आरोप केला, की कुत्र्याच्या चाव्याऐवजी इंजेक्शनांनीच ही माणसे मेली आहेत. पेतेर जंतूंचा सिद्धांतच मानत नव्हते आणि त्या बाबतीत ते साफ चुकले होते. म्हणून त्यांचे हे बोलणेही पुष्कळांनी कानाआड केले.

त्यांच्या बोलण्यात एक जड प्रश्न होता. पिसाळलेले जनावर चावलेल्या प्रत्येकालाच रेबीज होतो असे नाही. शिवाय चावलेला कुत्रा खरोखर पिसाळलेला होता की नाही, हे अनेकदा कळतही नाही. मग एखादा माणूस तसाही वाचणार होता आणि लशीने गेला, असे झाले तर? ज्याला वाचवायचे त्यालाच आपण मारले, असा त्याचा अर्थ होतो. लस देणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

ऑक्टोबर १८८६ मध्ये रुये नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला कुत्रा चावला. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर उपचार झाले आणि २६ नोव्हेंबरला तो मरण पावला. वडिलांनी तक्रार केली. न्यायवैद्यक तज्ज्ञ ब्रुआर्देल यांनी शवविच्छेदन केले. पाश्चर तेव्हा प्रकृतीसाठी इटलीच्या किनाऱ्यावर राहत होते. जानेवारी १८८७ मध्ये ब्रुआर्देल यांनी अकादमीसमोर सांगितले, की मुलगा रेबीजने मेलेला नाही. लोकांचे समाधान झाले आणि वाद शमला.

पन्नासेक वर्षांनी, १९३८ साली, पाश्चर यांचे भाचे आणि साहाय्यक आद्रियँ लॉयर यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत त्यांनी लिहिले, की त्या मुलाच्या मेंदूचा अंश रू यांनी सशांना टोचला होता आणि ते ससे रेबीजने मेले होते. म्हणजे जाहीर केलेली गोष्ट आणि प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट या दोन्हींत फरक होता. सत्य बाहेर आले तर लशीवरचा लोकांचा विश्वास उडेल आणि हजारो माणसे उपचाराविना मरतील, अशी भीती त्या मंडळींना वाटली असावी.

पाश्चर यांच्या स्वतःच्या टिपणवह्यांचीही अशीच कथा आहे. त्या कुणाला दाखवू नयेत असे त्यांनी कुटुंबियांना सांगून ठेवले होते. १९६४ साली त्यांच्या नातवाने त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. १९९५ साली इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी त्यांवर पुस्तक लिहिले. जोसेफ मायस्टरच्या आधी, मे आणि जून १८८५ मध्ये पाश्चर यांनी दोन रोग्यांवर रेबीजचा उपचार करून पाहिला होता, असे त्या वह्यांतून दिसते. त्यांतील अकरा वर्षांची मुलगी दगावली होती. तिच्यात लक्षणे आधीच दिसू लागली होती, त्यामुळे तिच्या मृत्यूचा दोष लशीवर येत नाही. पण तिच्याबद्दल पाश्चर यांनी जाहीरपणे काही सांगितले नाही. ज्या पद्धतीने जोसेफला इंजेक्शने दिली, नेमक्या त्या पद्धतीचे कुत्र्यांवरील प्रयोगही लोकांना वाटले तेवढे पूर्ण झालेले नव्हते.

यावर काय म्हणावे? आम्ही पाश्चर यांना दोषी ठरवायला बसलेलो नाही. जोसेफच्या आईसमोर ते उभे होते तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंना मरण दिसत होते आणि त्यांनी धीराने एक वाट निवडली. त्या निर्णयाला आम्ही धाडसच म्हणू. परंतु धोका पत्करणे वेगळे आणि धोका झाकणे वेगळे. ज्याच्या पोटात सुई जाणार आहे, त्याला धोका किती आहे हे कळण्याचा हक्क आहे. कळून त्याने हो म्हटले, तर तो आपल्या निर्णयाचा धनी असतो. त्याच्यापासून लपवले, तर निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो. हेतू चांगला होता, एवढ्याने ते लपवणे चांगले ठरत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा नियम शिकलो. तो पाळणे किती अवघड असते, हे या चरित्रात दिसते.

लकव्याचे खरे कारण

टीकेचा एक चांगला परिणाम झाला. जोराचा विषाणू भराभर देण्याची जी तीव्र पद्धत १८८६ मध्ये गंभीर जखमांसाठी वापरली जात होती, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्याबरोबर जिवंत विषाणूमुळे होणारे मृत्यू कमी झाले. तरीही क्वचित कुणाला लकवा होतच राहिला. आता त्यांतील पुष्कळ रोगी जगत, पण काहींचे हात-पाय कायमचे अधू होत.

१९०५ साली कॉन्स्टंटिनोपलच्या रेबीज संस्थेचे प्रमुख पॉल रेमलिंगर यांनी निरनिराळ्या देशांतील संस्थांकडून अशा प्रकरणांची माहिती मागवली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की काही संस्था आपल्याकडची प्रकरणे झाकून ठेवीत आहेत. पॅरिसमध्ये लागलेली सवय दूरवर पसरली होती.

१९११ साली आपल्या देशात हिमाचलातील कसौली येथे सर डेव्हिड सेंपल यांनी नवी लस तयार केली. तेथे १९०० सालापासून पाश्चर इन्स्टिट्यूट होते. त्याआधी भारतातून ऐपतदार माणसे उपचारासाठी थेट पॅरिसला जात. सेंपल यांनी फिनॉलने विषाणू पूर्ण मारला. त्यामुळे जिवंत विषाणूची भीती गेली आणि लस दूरच्या दवाखान्यांपर्यंत पाठवणे सोपे झाले. ही लस मेंढीच्या मेंदूपासून होई. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही श्वानदंशाची लस बनत असे. ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते वाल्देमार हाफकिन हेही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच काम करून भारतात आले होते. आपल्या आईवडिलांच्या पिढीने पोटात घेतलेली चौदा इंजेक्शने ती हीच. तिने असंख्य भारतीयांचे प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

पण विषाणू मेला तरी मेंदू तसाच राहिला होता. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी एक प्रयोग केला. त्यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूची इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली. त्यांत रेबीजचा अंशही नव्हता. तरीही काही माकडे लुळी पडली. कोडे सुटले.

आपल्या नसांवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते, तसेच ते समजा. मेंढीच्या मेंदूतही हे मायलिन असते. ते चौदा दिवस टोचले, की शरीराची संरक्षण-यंत्रणा त्याला शत्रू समजून त्याच्याशी लढायला शिकते. क्वचित एखाद्याच्या शरीरात ती इतकी चवताळते, की मेंढीचे मायलिन आणि स्वतःचे मायलिन यांत तिला फरक कळत नाही. मग ती आपल्याच नसांवर, मज्जारज्जूवर किंवा मेंदूवर हल्ला करते. बहुधा लस सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप येतो, डोके दुखते, पायांतील शक्ती जाते, लघवी अडते, कधी चेहरा वाकडा होतो, कधी शुद्ध हरपते. काही पूर्ण बरे होत, काही अपंग राहत, काही जात. हे किती जणांना होई याचे आकडे ठिकठिकाणी वेगवेगळे मिळाले. काही ठिकाणी कित्येक हजारांत एक, तर काही ठिकाणी हजारात एकापेक्षाही जास्त.

कारण कळले म्हणून उपाय शोधता आला. १९५० च्या दशकात चिलीमध्ये नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस केली गेली, कारण त्यांच्या मेंदूत मायलिन फारच कमी असते. तिने त्रास कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही. मग अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवून त्यांत विषाणू वाढवण्यात आला. पाश्चर यांना जे साधले नव्हते ते आता साधले : मेंदूशिवाय रेबीजची लस. १९७५-७६ च्या सुमारास इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी आणि कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ही लस आणि सोबत सीरम देण्यात आले. ते सर्व वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून मेंदूपासून केलेल्या लशी बंद करण्याचा सल्ला दिला. आपल्या देशाने २००४ च्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबवले. नवी लस कळूनही गरीब रोग्याच्या वाट्याला वीसेक वर्षे जुनीच लस आली, कारण नवी महाग होती.

शेवटची वर्षे

लोकवर्गणीतून वीस लाखांहून अधिक फ्रँक जमले आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. पाश्चर यांना इतके भरून आले होते, की त्यांचे भाषण त्यांच्या मुलाला वाचावे लागले. आदल्या वर्षी पुन्हा आलेल्या झटक्याने त्यांची वाचाही अडखळू लागली होती. स्वतःच्या हातांनी प्रयोग करण्याचे दिवस संपले होते.

पाश्चर यांच्या भक्तीबद्दल आपल्या लोकांत एक गोष्ट सांगितली जाते : आगगाडीत जपमाळ करणाऱ्या म्हाताऱ्याची एक विद्यार्थी थट्टा करतो आणि म्हातारा पाश्चर निघतो. या गोष्टीला विश्वासार्ह आधार आढळत नाही. आज ज्या विषयावर आपण बोलत आहोत त्याचा मान राखून आम्ही ती सत्य म्हणून सांगणार नाही. त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात एवढे नमूद आहे, की शेवटच्या आजारात त्यांना संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे चरित्र वाचून दाखवले जाई, आणि अखेरच्या घटकेला त्यांचा एक हात पत्नीच्या हातात व दुसऱ्या हातात क्रूस होता. पॅरिसजवळ व्हिलनव्ह-लेताँ येथे त्यांनी प्राण सोडला. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला.

आपल्यासाठी

चौदा इंजेक्शनांची धास्ती काही वडीलधाऱ्यांच्या मनात अजून आहे. ती खोटी नव्हती हे आता आपण पाहिले. पण ती लस आता आपल्या दवाखान्यांत नाही. आजची लस पेशींवर वाढवलेली असते, हातात देतात आणि तिचे मोजकेच डोस असतात. तिच्यात मेंदूचे पेशीजाल नसते आणि नसांचा गंभीर त्रास अत्यंत क्वचित आढळतो. जुनी भीती मनात धरून कुणी आज लस टाळली, तर ती चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून कुत्रा, मांजर किंवा माकड चावले वा ओरबाडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयांतही लस मिळते. जखम खोल असेल तर जखमेभोवती द्यायचे वेगळे औषध लागते का, हे डॉक्टरांना विचारावे. सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत. कोणतीही लस घेतल्यावर हात-पाय जड वाटले, मुंग्या आल्या, चालताना तोल गेला, तर ते घरात झाकून न ठेवता डॉक्टरांना सांगावे. आपले सांगणे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडते.

पाश्चर यांचे नाव जगात राहील आणि ते राहायलाच हवे. रुये या मुलाचे नाव फार थोड्यांना माहीत आहे. आमच्या लहानपणी ज्याचे पाय गेल्याचे लोक कुजबुजत, त्या माणसाचे नाव तर आम्हाला आजही ठाऊक नाही. आपल्या मुलांच्या दंडात आज जी सुरक्षित सुई जाते, ती अशाच माणसांची कुणीतरी शेवटी प्रामाणिकपणे मोजदाद केली म्हणून. पुढच्या २८ सप्टेंबरला पाश्चर यांच्याबरोबर त्यांचीही आठवण करू या.

आपले धर्मगुरू